ॲनालॉग बंद करण्याच्या तारखेवरचे खटले: कोर्टात मिळालं काय, आणि गेलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मामांचा केबलचा धंदा होता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ॲनालॉग, म्हणजे बॉक्सविना थेट वायरीतून येणारं जुनं केबल, बंद करण्याच्या मुदतीबाबत दिलासा दिला, तेव्हा ऑपरेटरांनी पेढे वाटले. पण पुढच्या वर्ष-दीड वर्षात मामांचे ग्राहक एमएसओचे, म्हणजे ऑपरेटरांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचे, झाले आणि मामा वसुली करणारे कमिशन एजंट. ‘मग कोर्टात जाऊन मिळालं काय? केनियात, दक्षिण आफ्रिकेत कोर्टाने सरकारला अडवलं, आपल्याकडेच का नाही?’

मी या क्षेत्रात वकिली करतो. उच्च न्यायालयातल्या रिट याचिका आणि दिल्लीतल्या टीडीसॅटसमोरचे (दूरसंचार आणि प्रसारणाचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) दावे दोन्ही केले आहेत, ऑपरेटरांच्या बाजूने आणि त्यांच्या विरुद्धही. माझं उत्तर तुम्हाला कडू लागेल. कोर्टात मुदत मिळाली, कारण मागितली होती ती मुदतच. धंदा कोणाचा हा प्रश्न त्या याचिकेत नव्हताच. तो दुसऱ्या कागदावर होता, आणि त्या कागदावर तुमच्या मामांनी बहुधा न वाचता सही केली असणार.

आधी कायदा काय होता ते पाहू. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याचं कलम ४अ २०११ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलं गेलं. केंद्र सरकारने अधिसूचना काढायची आणि त्यात नेमलेल्या तारखेपासून त्या भागातल्या प्रत्येक केबल ऑपरेटरने प्रत्येक चॅनेल एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, डिजिटल ॲड्रेसेबल यंत्रणेतूनच दाखवायचं. म्हणजे बॉक्स नाही तर चित्र नाही. एक अट मात्र होती: अधिसूचनेपासून किमान ६ महिने द्यायचे, ऑपरेटरांना यंत्रसामग्री बसवता यावी म्हणून. ११ नोव्हेंबर २०११ च्या अधिसूचनेने चार टप्पे ठरवले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ३० जून २०१२ पर्यंत. मग पुणे, नागपूर, नाशिकसारखी ३८ शहरं ३१ मार्च २०१३ पर्यंत. उरलेला सगळा शहरी भाग ३० सप्टेंबर २०१४ पर्यंत आणि बाकीचा देश ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत. यातली दुसऱ्या टप्प्याची सोडली तर एकही तारीख मूळ जागी राहिली नाही. पहिली ३१ ऑक्टोबर २०१२ वर गेली. तिसरी आणि चौथी आधी २०१५ आणि २०१६ च्या ३१ डिसेंबरवर गेल्या, आणि २०१६ च्या अखेरीस पुन्हा सरकून ३१ जानेवारी आणि ३१ मार्च २०१७ वर थांबल्या. यातल्या बऱ्याच सरकवण्या सरकारने आपणहून केल्या, हे ध्यानात असू द्या.

आता ॲनालॉगच्या काळातला हिशेब. वायर एका घरात गेली की त्यातून सगळी चॅनेलं जायची. कोण काय बघतो, मुळात किती घरं आहेत, हे वर कोणालाच दिसत नसे. ऑपरेटर एमएसओला आकडा सांगे, एमएसओ ब्रॉडकास्टरला, म्हणजे चॅनेलवाल्या कंपनीला, सांगे, आणि दर वर्षी त्या ‘डिक्लरेशन’वर घासाघीस चाले. खरा आकडा ऑपरेटरच्या वहीत. महाराष्ट्रात करमणूक कर दर जोडणीमागे होता, महापालिका हद्दीत महिन्याला ४५ रुपये, त्यामुळे कलेक्टर कचेरीच्या करमणूक कर विभागालाही तोच आकडा हवा असे आणि त्यालाही तो वेगळाच मिळे. हे चोरीचं अर्थशास्त्र होतं असं दिल्लीतले लोक म्हणत. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. ज्यांनी १९९२-९३ पासून गच्चीवर डिश बसवली, झाडांवरून वायरी ओढल्या, रात्री दोन वाजता ॲम्प्लिफायर बदलले, त्यांच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे त्यांची मिळकत होती. पोस्टात ५०० रुपये भरून दर वर्षी मिळणाऱ्या रजिस्ट्रेशनपलीकडे त्या मिळकतीचा दुसरा कागद त्यांच्याकडे नव्हता.

बॉक्स आला आणि ती वही संपली. प्रत्येक बॉक्सला नंबर, प्रत्येक बॉक्समागे एक ग्राहक अर्ज. सगळं एमएसओच्या सर्व्हरवर, सबस्क्रायबर मॅनेजमेंट सिस्टीममध्ये. ॲक्टिव्हेशनचं बटण एमएसओच्या हेडएंडवर, म्हणजे सिग्नल जिथून सुटतो त्या केंद्रावर. म्हणून तारखेवर एवढा जीव तुटत होता. लोकांना वाटत होतं की भांडण चित्राच्या दर्जाचं किंवा बॉक्सच्या किमतीचं आहे. खरं भांडण वही कोणाकडे राहणार याचं होतं.

कोर्टाने नेहमी ब्रेकच लावला असंही नाही. पहिला मोठा खटला तर उलटा होता. २००३ मध्ये ‘कॅस’ नावाची योजना आली, पे चॅनेल बॉक्समधूनच बघायची. चेन्नईत ती लागू झाली, बाकी महानगरांत सरकार कचरलं आणि २००४ च्या फेब्रुवारीत अधिसूचनाच स्थगित केली. बॉक्समध्ये पैसे घालून बसलेले एमएसओ दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने ती स्थगिती रद्द करून योजना लागू करा असं सरकारला बजावलं. त्यातूनच ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या ठरावीक भागांत कॅस आलं: पे चॅनेल प्रत्येकी ५ रुपये, फुकट चॅनेलांचा मूळ संच ७७ रुपये. दक्षिण मुंबईतल्या जुन्या ग्राहकांना हे दर आठवत असतील. म्हणजे डिजिटलला विरोध करणारा कोर्टात जातो आणि सरकार डिजिटल रेटतं, हे चित्र २०१२ नंतरचं. त्याआधी भूमिका अदलाबदल झालेल्या होत्या.

२०१२ ला चेन्नईत आणि २०१३ ला दक्षिणेतल्या काही शहरांत याचिका झाल्या, काही दिवसांच्या, काही आठवड्यांच्या सवलती मिळाल्या. चेन्नईची गोष्ट खरं तर स्वतंत्र लेखाची आहे. तिथे राज्य सरकारची स्वतःची केबल कंपनी, अरसू, मैदानात होती. सरकारी कंपन्यांनी प्रसारणाच्या वितरणात उतरू नये असं ट्रायचं, म्हणजे दूरसंचार-प्रसारणाच्या केंद्रीय नियामकाचं, मत, म्हणून तिला डिजिटलचा परवाना मिळेना; परवाना नाही म्हणून राज्य ॲनालॉग सोडेना. तो परवाना अखेर एप्रिल २०१७ मध्ये मिळाला. पहिल्या टप्प्यातलं महानगर शेवटच्या टप्प्याच्या मुदतीपर्यंत रखडलं, ते कोर्टापेक्षा राजकारणाने.

तुमच्या मामांचा खटला तिसऱ्या टप्प्यातला. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस हैदराबादच्या उच्च न्यायालयाने बॉक्सच्या टंचाईच्या मुद्द्यावर दोन महिन्यांची मुदत दिली. लगेच ठिकठिकाणी याचिकांची रांग लागली. त्यातच नाशिक जिल्ह्याच्या केबल ऑपरेटर संघटनेची मुंबई उच्च न्यायालयातली याचिका. तिथे आधार घेतला गेला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या कुसुम इंगॉट्स निवाड्याचा. त्यात एक वाक्य आहे, जे तेव्हापासून प्रत्येक वकील खिशात ठेवून फिरतो: संसदेच्या कायद्याच्या घटनात्मक वैधतेवर एका उच्च न्यायालयाने दिलेला आदेश, अंतरिम असो की अंतिम, तो कायदा जिथे लागू आहे त्या सगळ्या देशात परिणाम करतो. मग हैदराबादची मुदत नाशिकला का नको?

युक्तिवाद चपखल होता आणि चालला. पण मला तो तेव्हाही पटला नव्हता. हैदराबादला कायद्याची वैधता तपासली जात नव्हती. कलम ४अ घटनाबाह्य आहे असं कोणी गांभीर्याने म्हणत नव्हतं. प्रश्न होता एका तारखेचा, तोही त्या राज्यात बॉक्स पोचले की नाही या वस्तुस्थितीवर. वस्तुस्थिती राज्यागणिक बदलते. त्यामुळे त्या वाक्याच्या जोरावर मिळालेली मुदत फार दिवस टिकणारी नव्हती. झालंही तसंच. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये देशभरच्या या सगळ्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. नाशिकच्या ऑपरेटरला नाशिकहून मुंबई परवडत होती. दिल्ली परवडणं शक्यच नव्हतं. याचिका वर्ग झाल्या त्या दिवशी त्यातला दम निम्म्याने गेला असं मी मानतो, कारण अशा खटल्यात दर तारखेला ताजी आकडेवारी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो.

ही आकडेवारी म्हणजे काय, ते जरा जवळून सांगतो. त्या काळातली प्रतिज्ञापत्रं मी बरीच चाळली आहेत. बहुतेकांत मजकूर एकसारखा: ‘बॉक्सचा तुटवडा आहे, गरीब ग्राहकाला परवडत नाही, हजारो ऑपरेटरांची उपजीविका धोक्यात आहे.’ न्यायमूर्ती विचारणार, तुटवडा म्हणजे किती? तुमच्याकडे घरं किती, ऑर्डर कधी दिली, किती बॉक्स आले, किती बाकी? आणि इथे ऑपरेटरची दातखीळ बसायची. कारण खरी घरं लिहिली तर आजवरचं डिक्लरेशन खोटं ठरतं, करमणूक कराची थकबाकी अंगावर येते. कमी लिहिली तर तुटवडाच उरत नाही! ज्या आकड्यावर धंदा उभा होता तोच आकडा कोर्टात उच्चारता येत नव्हता. शेवटी ‘अंदाजे’ असं लिहून वेळ मारून नेली जायची. एका प्रतिज्ञापत्रात तर परिच्छेद ५ मधला जोडण्यांचा आकडा आणि जोडपत्रातल्या कराच्या चलनावरचा आकडा यांत दुपटीहून जास्त फरक होता. समोरच्या वकिलांनी फक्त दोन पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. सरकारकडे मात्र एमएसओंनी कळवलेले बॉक्सचे आकडे शहरवार, जिल्हावार छापून तयार असायचे. ते किती खरे होते यावर मला शंका आहे, पण ते आकडे होते.

आता त्या दुसऱ्या कागदाकडे. मुदत मिळाली त्या महिन्यांत एमएसओचे लोक शांत बसले नव्हते. ‘सीडिंग’ जोरात चालू होतं. एमएसओ बॉक्स पाठवी, ऑपरेटर घरोघर लावी, ग्राहकाकडून बॉक्सचे पैसे घेई. सोबत ग्राहक अर्जाचा गठ्ठा: नाव, पत्ता, बॉक्स नंबर, व्ह्यूइंग कार्डाचा नंबर, सही. हे अर्ज भरायला ऑपरेटरची पोरं संध्याकाळी बसायची आणि भरले की मूळ प्रती एमएसओच्या माणसाकडे. झेरॉक्स ठेवणारे थोडे. आणि एक इंटरकनेक्ट करार, म्हणजे एमएसओ आणि ऑपरेटर यांच्यातला सिग्नल देण्या-घेण्याचा करार, इंग्रजीत, बारीक टायपात. त्यात कुठेतरी असायचं की बॉक्सची मालकी एमएसओची, ग्राहकाची माहिती एमएसओची, ऑपरेटरने दुसऱ्या एमएसओकडे जायचं झालं तर आधी सगळी बाकी चुकती करून बॉक्स परत करायचे. ग्राहकाने पैसे दिलेले बॉक्स! कित्येकांना कराराची प्रतही मिळाली नाही.

नंतर टीडीसॅटमध्ये जे दावे आले ते जवळजवळ सगळे याच कागदाचे. ऑपरेटर दुसऱ्या एमएसओकडे गेला, पहिल्याने थकबाकी आणि बॉक्सच्या किमतीचा दावा लावला. किंवा एमएसओने २१ दिवसांची नोटीस देऊन, टीव्हीच्या पडद्यावर खाली पट्टी फिरवून सिग्नल तोडला आणि ऑपरेटर धावत दिल्लीला आला. अशा वेळी पहिला प्रश्न: करार कुठे आहे? लेखी कराराविना सिग्नल द्यायचा नाही, हे बंधन ट्रायने घातलेलं. मार्च २०१६ मध्ये नमुना कराराचा मसुदाही नियमांत आला. महसुलाच्या वाटणीसाठी तर २०१२ पासूनच आधार होता: दोघांचं जमलं नाही तर मूळ संचाच्या पैशात एमएसओ ५५, ऑपरेटर ४५, पे चॅनेलच्या पैशात ६५ आणि ३५. पण ‘जमलं नाही तर’ म्हणजे काय, हे नीट वाचा. वेगळ्या वाटणीच्या करारावर सही केली असेल, तर जमलं असंच धरलं जातं.

तुम्ही म्हणाल, मग रिट याचिकेतच हे सगळं का मांडलं नाही? कारण कायद्याने वाट दुभंगलेली होती. एमएसओ आणि ऑपरेटर यांच्यातला वाद टीडीसॅटकडे. २००४ पासून प्रसारणाचे वाद त्याच्याच अखत्यारीत आहेत. ट्रायच्या विनियमांची वैधता मात्र टीडीसॅट तपासू शकत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयच, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बीएसएनएल विरुद्ध ट्राय या निवाड्यात ठरवून टाकलं. तारीख एका दारी, करार दुसऱ्या दारी. संघटनेकडे पैसे आणि जोर एकाच दारी जाण्यापुरता होता, आणि तारखेचं दार जास्त गजबजलेलं होतं. पुढाऱ्यांनाही तेच सोयीचं. ‘स्थगिती आणली’ म्हणून हार घालून घेता येतो. करारातलं सतरावं कलम बदलून आणलं म्हणून कोणी हार घालत नाही.

केनियाकडे येऊ. तिथे कोर्टाने सरकारला अडवलं हे खरं, पण शेवट तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही.

केनियातलं भांडण केबलचं नव्हतं, ॲंटेनाचं होतं. आफ्रिका आणि युरोपातल्या देशांनी २००६ साली जिनिव्हात करार केला की १७ जून २०१५ नंतर ॲनालॉग दूरचित्रवाणीला आंतरराष्ट्रीय संरक्षण नाही. भारत त्या करारात नाही, त्यामुळे आपल्या सरकारच्या डोक्यावर ती तलवार कधीच नव्हती. केनियात डिजिटल सिग्नल पोचवण्याचा परवाना दोघांना मिळाला: सरकारी प्रसारण संस्थेची उपकंपनी सिग्नेट आणि चिनी मालकीची पॅन आफ्रिकन नेटवर्क ग्रुप. नेशन, स्टँडर्ड आणि रॉयल मीडिया ही देशातली तीन मोठी माध्यमगृहं बाहेर. आजवर स्वतःच्या टॉवरवरून प्रसारण करणाऱ्यांनी आता आपला कार्यक्रम दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तुमच्या मामांचंच दुखणं, फक्त मोठ्या मापाचं.

आधी एक ग्राहक संघटना २०१२ च्या डिसेंबरात कोर्टात गेली आणि तारीख टळली. मग माध्यमगृहं गेली. २३ डिसेंबर २०१३ ला उच्च न्यायालयात हरली. २८ मार्च २०१४ ला अपील न्यायालयात दणदणीत जिंकली: प्रसारण नियामक घटनेला हवा तसा स्वतंत्र नाही, चिनी कंपनीचा परवाना रद्द, आणि यांना परवाना द्या. २९ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. परवाना आयता मिळणार नाही, पण नियामकाने त्यांचा अर्ज गुणवत्तेवर तपासावा आणि सगळ्यांशी बोलून नव्या तारखा ठरवाव्यात, असा मध्यम मार्ग. परवाना मिळाला, पण स्वतःचे बॉक्स आणि यंत्रसामग्री यायला वेळ हवा म्हणून ही मंडळी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. १३ फेब्रुवारी २०१५ ला दार बंद झालं. दुसऱ्याच दिवशी नियामकाने पोलीस बंदोबस्तात त्यांचे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद पाडले. प्रतिस्पर्ध्यांच्या डिजिटल जाळ्यावर आपली चॅनेलं द्यायला त्यांनी नकार दिला, आणि देशातली सगळ्यात जास्त पाहिली जाणारी चॅनेलं १९ दिवस पडद्यावरून गायब होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती परतली, स्वतःच्या डिजिटल जाळ्यावरून.

माझ्या मते केनियाच्या माध्यमगृहांनी कोर्टात हरूनही जे मिळवायचं ते मिळवलं. कारण त्यांच्या याचिकेत तारखेच्या जोडीला ‘आम्हाला परवाना द्या’ ही मागणी होती. खटले चालू असताना एकीकडे परवाना पदरात पाडला, दुसरीकडे यंत्रसामग्री मागवली. आपल्याकडे स्वतंत्र एमएसओ होण्याचं दार छोट्या ऑपरेटरलाही उघडं होतं. मंत्रालयाकडे एक लाख रुपये भरून १० वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळत होतं. हेडएंडचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, हे मान्य. पण तालुक्यातले पंचवीस ऑपरेटर एकत्र आले असते तर? काही ठिकाणी आलेही, आणि ते आजही आपल्या नावाने धंदा करतात. बाकीच्या ठिकाणी कोणाच्या गच्चीवर हेडएंड बसवायचं यावरच बैठक मोडली.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथला ई टीव्ही हा खाजगी, विनामूल्य चॅनेलवाला. त्याचा पहिला गाजलेला खटला बॉक्समध्ये एन्क्रिप्शन असावं की नसावं याचा. अपील न्यायालयात तो जिंकला, पण ८ जून २०१७ ला घटनात्मक न्यायालयाने बहुमताने सांगितलं की धोरण ठरवणं मंत्र्याचं काम, न्यायालयाचं नव्हे. धोरणावरचा हल्ला असा फसला. पाच वर्षांनी तोच ई टीव्ही पुन्हा त्याच न्यायालयात गेला, या वेळी अगदी साध्या मुद्द्यावर. गरीब घरांना सरकार बॉक्स देणार होतं, महिना ३,५०० रँडपर्यंत मिळकत असलेल्यांना. त्यासाठी नाव नोंदवायची अंतिम मुदत ३१ ऑक्टोबर २०२१, आणि ती जाहीर झाली जेमतेम महिनाभर आधी. कोणाला विचारलं नाही. नाव नोंदवायचं राहून गेलेल्यांची घरं किती, याचा विचार न करताच ॲनालॉग बंद करायची तारीख ठरली. ३० जून २०२२ ला पडदा पडणार होता. २८ जूनला घटनात्मक न्यायालयाने ती तारीख रद्द केली. नंतरच्या तारखाही अशाच अडकल्या. मार्च २०२५ अखेरची तारीखसुद्धा प्रिटोरियाच्या न्यायालयाने ऐन वेळी रोखली.

एकाच पक्षकाराचे हे दोन खटले शेजारी ठेवा, तुमच्या ‘आपल्याकडेच का नाही’चं उत्तर तिथे आहे. ‘सरकारचं धोरण चूक’ म्हटलं की न्यायालय हात आखडतं. ‘या धोरणात इतकी घरं अंधारात राहणार, आणि त्यांना विचारण्याची पायरी सरकारने गाळली’ असं दाखवलं की न्यायालयाला आधार मिळतो. आपल्या याचिकांत उपजीविकेचा हक्क होता, कलम १९ होतं, प्रेक्षकाचा माहितीचा हक्क होता. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असं १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात म्हटलं होतं, तेही केबलच्या वायरीला ओढूनताणून जोडलेलं असायचं. नव्हती ती नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाण्यातल्या, पेठमधल्या घरांची यादी. आणि पायरी गाळल्याचा मुद्दाही लंगडा होता, कारण सहा महिन्यांऐवजी सरकारने चार-चार वर्षं दिली होती.

जाता जाता: डिजिटलवरचे मोठे, तत्त्वाचे निकाल यानंतर आले, आणि त्यांत ऑपरेटर कुठेच नव्हता. ट्रायच्या २०१७ च्या दर आदेशाला स्टारने मद्रासमध्ये आव्हान दिलं, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, तिसऱ्यांनी कौल दिला, आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ट्रायचा अधिकार उचलून धरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये १०० चॅनेलांना १३० रुपये अधिक कर, आणि निवडाल त्या चॅनेलचे वेगळे, ही पद्धत घरोघर आली ती त्यातून. २०२० च्या सुधारित आदेशावर ३० जून २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, बराचसा ट्रायच्या बाजूने. हे सगळं ब्रॉडकास्टर आणि नियामकाचं भांडण. पण ऑपरेटरसाठी त्यात एक कामाची गोष्ट होती. २०१७ च्या विनियमांत नेटवर्कच्या १३० रुपयांची वाटणी, वेगळं ठरलं नसेल तर, ५५ आणि ४५ अशी पुन्हा लिहिली गेली.

आता तुमच्या मामांचं. स्थगितीची ऑर्डर फ्रेम करून ठेवली असेल तर ती राहू द्या, तिचा आता उपयोग नाही. मला तीन गोष्टी लागतील. इंटरकनेक्ट कराराची प्रत, सगळ्या पानांसह. नसेल तर एमएसओकडे लेखी मागणी करून पोच घ्या, ती पोचही कामाची. ग्राहकांनी बॉक्ससाठी दिलेल्या पैशांच्या पावत्या, त्या कोणाच्या नावाने फाडल्या गेल्या हे महत्त्वाचं आहे. आणि दर महिन्याची एमएसओची बिलं, ज्यांत वाटणी कशी लावली ते दिसतं. कराराची मुदत संपून तो नूतन झाला नसेल, तर ५५-४५ चा मुद्दा उभा राहू शकतो. जुन्या वर्षांच्या मागण्यांवर समोरचे वकील पहिल्याच तारखेला मुदतीचा कायदा (दावा किती काळात लावायला हवा, ते ठरवणारा) काढतील, त्यामुळे २०१६-१७ चं उकरण्यापेक्षा अलीकडच्या बिलांवर बोलू. दुसऱ्या एमएसओकडे जायचा विचार असेल, तर आधी बाकीचा हिशेब लेखी मागवा आणि तो मिळेपर्यंत एकही बॉक्स काढू नका. मामांनी संध्याकाळी बसून भरलेल्या ग्राहक अर्जांच्या झेरॉक्स माळ्यावर कुठे असल्या तर त्या सगळ्यात आधी शोधा.